यीरोस, जायरो की सुवलाकी?

मेलबर्नच्या एका वाचक ताईंचा प्रश्न असा: तिथल्या ओकली भागातल्या ग्रीक दुकानात फिरत्या शिगेवरचं मांस कापून पीटा या चपट्या रोटीमध्ये गुंडाळून देतात, त्याला 'सुवलाकी' म्हणतात. अॅडलेडला गेल्यावर तोच प्रकार 'यिरोस' नावाने समोर आला. न्यू जर्सीतली बहीण त्यालाच 'जायरो' म्हणते. आता अथेन्सच्या सहलीवर मराठीत लिहायचंय, तर यातलं कोणतं रूप घ्यावं? आणि ही सगळी एकाच पदार्थाची नावं का?

ताई, बिनदिक्कत 'यीरोस' लिहा. ग्रीकमध्ये या शब्दाचं पहिलं अक्षर गामा. त्याच्यापुढे अ, ओ, उ आले तर घशातून घासत येणारा 'ग' होतो. ए किंवा ई आली की त्याचा जवळजवळ 'य' होतो. इथे पुढे ई आहे आणि आघातही तिच्यावरच आहे, म्हणून यी दीर्घ. 'जायरो' हे इंग्रजी स्पेलिंगचं इंग्रजी वाचन. त्यामागे जायरोस्कोपची सवयही असणार. हे यंत्राचं नाव फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये याच ग्रीक शब्दावरून पाडलं. अर्थ वर्तुळ, फेरा. म्हणजे विमानातलं यंत्र आणि पीटातलं मांस एकाच गोत्राचं. पण म्हणून आपण ग्रीक पदार्थ इंग्रजी चष्म्यातून कशाला वाचायचा?

शेवटचा 'स' मात्र टाकू नका. तो अनेकवचनाचा नाही, ग्रीक पुल्लिंगी प्रथमेचा आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो आपल्या अनेकवचनासारखा वाटला, त्यांनी तो काढून एकवचनी 'जायरो' तयार केला. गंमत म्हणजे अथेन्समध्ये खिडकीशी उभं राहून मागणी देताना खुद्द ग्रीक माणूसही 'स' गाळतो: 'एना पिता-यीरो हिरिनो, आप ओला', म्हणजे डुकराच्या मांसाचा एक, सगळं घालून. टोमॅटो, कांदा, दही-काकडीची त्झात्झीकी आणि वर बटाट्याच्या तळलेल्या फोडी, हे ते 'सगळं'. इथला 'यीरो' कर्माचं रूप आहे, आपल्याकडे घोडा विभक्ती लागताना घोड्या- होतो त्या जातीचा बदल. व्याकरणाने गेलेला 'स' वेगळा आणि गैरसमजाने गेलेला वेगळा.

मराठीत 'कबाब'च्या चालीवर सगळं बसतं: एक यीरोस, दोन यीरोस, यीरोसमध्ये. लिंगही पुल्लिंगच ठेवा. 'सुवलाकी' ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी आहे, पण मराठीत ईकारान्त शब्द आपसूक 'ती' होतो. 'सुवलाकी मागवली' असंच कुणीही म्हणेल. 'पीटा'ला ग्रीक उच्चाराशी प्रामाणिक राहायचं तर दंत्य त हवा. पण मराठीत 'गरम पिता हातात घेतला' असं छापायची हिंमत माझ्यात नाही. तिथे इंग्रजीमार्गे आलेला ट राहू द्या.

आता फिरण्याविषयी. पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली मिळणारा शवर्मा, बर्लिनचा डोनर आणि अथेन्सचा यीरोस या तिन्ही नावांचा अर्थ एकच आहे. डोनर तुर्की 'फिरणं' या क्रियापदावरून आला. शवर्मा हे तुर्की 'चेविर्मे'चं, म्हणजे 'फिरवणं' या शब्दाचं, अरबी तोंडातलं रूप. ग्रीसमध्येही आधी 'डोनर'च म्हणत. १९७० च्या दशकात तुर्कस्तानाशी वितुष्ट वाढलं, तुर्की नाव खटकू लागलं आणि त्याचा शब्दशः तर्जुमा 'यीरोस' रुळला. त्याच सुमारास, १९७४ मध्ये तुर्की सैन्य सायप्रस बेटावर उतरल्यानंतर, तिथली 'तुर्की कॉफी' रातोरात 'ग्रीक कॉफी' झाली. भांडं तेच, पूड तीच.

सुवलाकी हा मुळात वेगळा पदार्थ. 'सुवला' म्हणजे मांस भाजायची सळई आणि '-आकी' हा लघुत्वाचा प्रत्यय. म्हणून सुवलाकी ही छोटी सळई, तिच्यात ओवून निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे तुकडे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ चांभाराची आरी. तो ज्या धातूवरून आला, त्याच्याच कुळात संस्कृत सिव् आणि आपलं 'शिवणे' आहे.

खरा घोळ अथेन्स आणि थेसालोनिकी या दोन शहरांत आहे. अथेन्सवाले पीटात गुंडाळलेल्या अख्ख्या प्रकारालाच सुवलाकी म्हणतात आणि नुसत्या सळईला 'कालामाकी'. थेसालोनिकीत सुवलाकी म्हणजे सळईच, आणि कालामाकी मागितलीत तर हातात शीतपेय प्यायची नळी येते. यावर तिथे विनोदांचा पाऊस असतो, भांडणंही होतात. तुमच्या मेलबर्नने अथेन्सची बाजू घेतलेली दिसते. अथेन्सवर लिहिताना तुम्ही 'सुवलाकी' सैलपणे वापरलीत तर चालेल. उत्तरेकडे गेलात तर जपून.

आपल्या दृष्टीने कालामाकी जास्त मोलाची. 'कालामी' म्हणजे वेत, बोरू. प्राचीन ग्रीक 'कालामोस' अरबीत 'कलम' झाला आणि तिथून फारसीमार्गे आपल्या दौतीशेजारी येऊन बसला. बोरूने लिहिणाऱ्या आपल्या कारकुनांच्या हातात तोच शब्द होता, ज्यावर अथेन्सचा माणूस आज मांस ओवतो.

सळईचं आणखी एक नातं पैशाशी आहे. प्राचीन ग्रीकांच्या 'ओबोल' या नाण्याचं नाव सळईवाचक 'ओबेलोस'वरून पडलं. नाणी येण्याआधी लोखंडी सळया चलनासारख्या वापरात होत्या, आणि सहा सळया मुठीत मावतात म्हणून सहा ओबोलांची एक 'द्राख्मे', अर्थात मूठभर, असं जुने ग्रीक लेखकच सांगतात. हीच द्राख्मे संस्कृतात 'द्रम्म' झाली, कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत ती भेटते, आणि घासून घासून तिचा 'दाम' झाला. ग्रीसने स्वतः २००२ मध्ये युरोच्या नाण्या-नोटा घेतल्या आणि द्राख्मा मोडीत काढला. आपल्याकडे दामदुप्पट अजून चालू आहे.

दुकानदाराला ग्रीकमध्ये 'सुवलात्झीस' म्हणतात. त्यातला '-त्झीस' तुर्की '-जी/-ची' आहे, मशालची आणि नगारचीमधला. तुर्की नाव हाकललं तरी प्रत्यय गल्ल्यावर बसून आहे.

राहता राहिली त्झात्झीकी: पाणी काढलेलं दही, काकडी, लसूण, ऑलिव्ह तेल. हाही तुर्की 'जाजिक'च. या नावातलं ग्रीक व्यंजनाक्षर म्हणजे आपल्या 'जहाज', 'जाळं'मधला दंत्य ज, जो हिंदीला नाही नि इंग्रजीला शब्दारंभी जमत नाही. म्हणजे मराठी माणसाने नुसतं 'जाजीकी' लिहिलं तर पहिलं अक्षर अचूक वाचलं जाईल. अडचण दुसऱ्याची: पुढे ई आली की आपला ज तालव्य होतो, 'जीव'मधल्यासारखा. त्यामुळे दिसायला ओबडधोबड असलं तरी 'त्झात्झीकी'च लिहा आणि पहिल्या वेळी वाचकाला कंसात 'जहाजातला ज' एवढं सांगून टाका.