जुनी केमोची फाईल आणि आजची धाप

प्रश्न : वय 52. सात वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढल्या. मग केमोचे चार ‘लाल’ डोस आणि सिकाई (रेडिएशन). आता दोन जिने चढले की धाप लागते. घरचे म्हणतात, केमोचा अशक्तपणा आहे. ईसीजी नॉर्मल आला. आणखी काही बघायचं का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : बघायचं. ताई, सात वर्षांनी नव्याने लागलेली धाप केमोच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नका. हृदयाचा पंप किती जोर लावतो, ते ईसीजीत दिसत नाही. त्यासाठी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी लागते. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासा, धापेमागे तेही असू शकतात.

ते लाल औषध बहुधा डॉक्सोरुबिसिन. त्याने हृदयाच्या स्नायूंच्या पेशी मरतात आणि त्या जवळपास पुन्हा तयार होत नाहीत. उरलेल्या पेशी वर्षानुवर्षं भार ओढतात, म्हणून त्रास उशिरा कळतो. धोका एकूण डोसवर ठरतो. फाईलमध्ये 96 मि.ग्रॅ. लिहिलं असेल आणि शरीराचं क्षेत्रफळ 1.6 चौ. मीटर असेल, तर भागाकार 60, म्हणजे दर चौ. मीटरला 60 मि.ग्रॅ. असे चार डोस म्हणजे 240. एकूण 250 किंवा त्याहून जास्त असेल तर तेवढ्यावरच धोका मोठा धरतात. तुम्ही जरा अलीकडे आहात, पण डाव्या बाजूची सिकाई त्यात धरावीच लागते. त्याऐवजी त्याच जातीचं एपिरुबिसिन दिलं असेल तर हिशेब वेगळा.

सिकाईचा त्रास रक्तवाहिन्यांना होतो. हृदयाची पुढची धमनी डाव्या छातीमागेच असते. ती पाच-दहा वर्षांनीही अरुंद होऊ शकते, आणि इको चांगला आला तरी तिची हमी मिळत नाही. चढावर छाती आवळल्यासारखी होत असेल तर तसं स्पष्ट सांगा. पुढची तपासणी डॉक्टर ठरवतील.

इकोच्या रिपोर्टवर नुसतं ‘नॉर्मल’ नको, ईएफचा आकडा लिहून घ्या, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते. जमल्यास स्ट्रेनही (हृदयाचा स्नायू किती आकसतो ते) मोजायला सांगा, कारण ईएफ उतरण्याआधी तो बिघडतो. ईएफ आधीपेक्षा दहा अंकांनी उतरून 50च्या खाली गेला, तर औषधं लवकर सुरू करण्यात फायदा असतो. यंत्र आणि तपासणारा बदलला की आकडाही थोडा हलतो, म्हणून दरवेळी एकाच ठिकाणी जा आणि केमोपूर्वीचा इको सोबत न्या. उपचार नागपुरात मेडिकलला (सरकारी रुग्णालयात) झाले असोत, तुकडोजी चौकात की जामठ्याला, रुग्णालयं जुने कागद कायम ठेवत नाहीत. घरची फाईल रद्दीत घालू नका.

डाव्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत, म्हणून बीपी उजव्या हातावर मोजा.

प्रश्न : बाबा 61 वर्षांचे. लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) बरा झाला, ‘चॉप’ या केमोचे सहा डोस झाले होते. बीपी 150/95. खर्रा सुटत नाही, फिरायला घाबरतात. काय करावं?
– एक वाचक, वर्धमाननगर

उत्तर : चॉपमध्ये डॉक्सोरुबिसिन दर चौ. मीटरला साधारण 50 मि.ग्रॅ. असतं. सहा डोसांचे 300 होतात, म्हणजे 250ची रेघ ओलांडली. त्रास नसला तरी त्यांचा इको करून घ्या.

खर्रा म्हणजे ‘नुसती सुपारी’ नाही. त्यातल्या तंबाखूचं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं. शिवाय एक कर्करोग झालेल्या माणसाने तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण का द्यावं? बीपी 130/80च्या खाली आणायचं आहे. दिवसभराचं मीठ एक सपाट चमचा, साधारण 5 ग्रॅम. तर्री, पापड, लोणचं, चिवडा सगळं त्यातच मोजायचं. पोह्यांवर तर्री न घेणं नागपूरकराला जड जाईल, पण तिथूनच सुरुवात करा.

इको पाहून डॉक्टरांनी होकार दिला की आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायचं. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. मे महिन्यात अंबाझरी किंवा फुटाळ्यावरून सातच्या आत घरी. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर या उन्हात बीपी एकदम उतरू शकतं. उठताना चक्कर आली तर उभं राहून बीपी मोजा आणि डॉक्टरांना फोन करा, गोळी स्वतःहून बंद करू नका.

रोज सकाळी वजन लिहा. तीन दिवसांत 2 किलो वाढलं, पाय सुजले किंवा रात्री दोन उशा लागायला लागल्या, तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत कळ येऊन घाम फुटला तर थेट 108.