सूचना दिल्या, पण बॅनर कुणाचा?

प्रश्न: ओळखीच्या एका व्यावसायिकाने त्याच्या नव्या वेबसाइटबद्दल माझं मत विचारलं. मी सविस्तर सूचना लिहून दिल्या. शिवाय इंकस्केप या चित्रं काढायच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या पानाचा बॅनर नव्याने करून 'बघा, आवडला तर लावा' असा मेसेज टाकून पाठवला. त्याने सूचना अमलात आणल्या, बॅनरही लावला. पैशांचं विचारलं तर म्हणतो, 'मत मागितलं होतं, काम दिलं नव्हतं. आणि फुकटच्या सॉफ्टवेअरवर केलेल्या चित्रावर कसला हक्क?'

उत्तर: फुकटच्या सॉफ्टवेअरचा मुद्दा आधी निकालात काढू. इंकस्केप काय किंवा गिंपसारखं दुसरं फुकटचं चित्र-सॉफ्टवेअर काय, त्यांचा जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना त्या प्रोग्रॅमच्या कोडला लागू होतो. त्यात तुम्ही काढलेल्या चित्रावर तो हक्क सांगत नाही, व्यावसायिक वापरही अडवत नाही. बॅनरचे कर्ते तुम्हीच. तुम्ही त्याचे नोकर नव्हता, त्यामुळे कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १७ नुसार पहिली मालकीही तुमचीच. नोंदणी केली नसली तरी बिघडत नाही.

सूचनांचं मात्र विसरा. 'मेनू वर घ्या, रंग कमी करा' या कल्पना झाल्या, आणि कल्पनेवर कॉपीराइट नसतो. तुमचा मजकूर त्याने जसाच्या तसा छापला असता तर गोष्ट वेगळी होती.

आता त्या मेसेजकडे येऊ. 'आवडला तर लावा' हे शब्द तुम्हालाच अडचणीचे आहेत. करार कायदा, १८७२च्या कलम ७० खाली मोबदला मागता येतो, पण काम फुकट करायचा इरादा नव्हता हे दाखवावं लागतं. एवढ्या पुराव्यावर मी तरी दावा लावायला सांगणार नाही. चोरीची नोटीस तर मुळीच नको, वापराची परवानगी तुम्हीच दिलीत.

पण परवानगी म्हणजे मालकी नव्हे. मालकी द्यायची तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लेखी आणि तुमच्या सहीचा दस्त लागतो. तसा काही झालेलाच नाही. म्हणून त्याला साधं पत्र लिहा: बॅनर माझा आहे, परवानगी त्या पानापुरती होती, जाहिरातीत किंवा पत्रकावर वापरायचा असेल तर मोबदला ठरवून लेखी करार करू. वाटाघाटीला जागा आहे ती इथेच.

पत्र धाडण्यापूर्वी बॅनरमधला फोटो आणि फॉन्ट कुठून घेतले ते तपासा. फोटो क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या वापराच्या परवान्याखालचा असेल आणि त्यावर 'व्यावसायिक वापर नको' अशी अट असेल, तर आधी तो बदलून द्या. बॅनरची मूळ एसव्हीजी फाइल (इंकस्केपमध्ये जतन होणारी चित्राची फाइल) आणि ते मेसेज तारखेसकट जपून ठेवा.