मशीनवर बसलात, पण सीट लावली का?

या वेळी जिममधल्या मशीनवरच्या व्यायामाचे बरेच प्रश्न आलेत, त्यातले पाच घेतोय.

प्रश्न: डंबेलची भीती वाटते म्हणून मी फक्त मशीन करते. मशीन सेफच असतं ना?

हातातून वजन निसटून पायावर पडायची भीती नाही, हे खरंय. पण मशीनची हालचाल ठरलेली असते, ती तुमच्यासाठी बदलत नाही, आणि सीट चुकीची असेल तर प्रत्येक रेपला, म्हणजे हालचालीच्या प्रत्येक फेरीला, सांधा तोच ताण खातो. लेग एक्स्टेंशनचं, म्हणजे बसून गुडघ्यातून पाय सरळ करायच्या मशीनचं बघा. दांडा ज्या ठिकाणी फिरतो तिथे बऱ्याच मशीनवर रंगीत ठिपका असतो, तुमचा गुडघा बरोबर त्याच्या रेषेत यायला हवा, नाही आला तर पाठीचा पॅड पुढे-मागे करा, आणि खालचा रोलर घोट्याच्या जरा वर ठेवा. चेस्ट प्रेसला, म्हणजे छातीपासून पुढे ढकलायच्या मशीनला, हँडल छातीच्या मध्यावर हवेत, खांद्याएवढे वर नकोत. आपली सीट कितव्या भोकात बसते ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. लोक वजनाचे आकडे लिहितात आणि हेच लिहीत नाहीत!

प्रश्न: लेग प्रेस (पायांनी वजन ढकलायचं मशीन) केलं की कंबर दुखते. वजन कमी करू का?

करा, पण आधी कुणाला तरी बाजूला उभं करून बघायला सांगा. गुडघे छातीकडे आणताना तुमचं बूड सीटवरून उचललं जात असणार, म्हणजे कंबर गोल होते आणि सगळा भार तिच्यावर. बूड सुटायच्या थोडं आधीच थांबा, रेंज कमी झाली तर होऊ दे. वर ढकलल्यावर गुडघे खटकन लॉक करायचे नाहीत, किंचित वाकलेले ठेवा. सेफ्टी स्टॉप, म्हणजे वजन खाली येताना अडवणारा खटका, पहिल्या सेटच्या (सलग केलेल्या रेपच्या) आधीच लावा, दमल्यावर तिथे हात पोचत नाही.

प्रश्न: वजनाच्या प्लेट्स मधेच हवेत अडकतात. हात घालून खाली दाबल्या तर चालेल?

अजिबात नाही. अडकलेला थर कधी सुटेल सांगता येत नाही आणि मधे बोटं सापडली तर संपलंच. ट्रेनरला सांगा, मशीन बंद ठेवायला लावा. वजन ठरवायची पिनसुद्धा मशीनची स्वतःचीच आणि पूर्ण आत गेलेली हवी, भलतीच सळई खुपसायची नाही. केबलवरचं प्लास्टिक फाटून आतली तार दिसत असेल, खास करून पुलीजवळ आणि टोकाला, तर त्या मशीनवर बसूच नका.

प्रश्न: वय ५८, बीपीची गोळी चालू आहे. मशीन करू का?

बीपी कंट्रोलमध्ये असेल आणि डॉक्टर हो म्हणाले असतील तर करा. वजन असं घ्या की १०-१५ रेप आरामात होतील. श्वास मात्र रोखून धरू नका, जोर लावताना सोडा, परत येताना घ्या, कारण दम कोंडून जोर लावला की बीपी त्या क्षणी खूप वर जातं. सेट संपल्यावर झटकन उठू नका, काही गोळ्यांनी चक्कर येते. छातीत दुखलं तर तिथेच थांबायचं आणि लगेच मदत बोलवायची, उरलेला सेट गेला उडत.

प्रश्न: दुखणं नॉर्मल आहे की इजा, हे कसं ओळखू?

स्नायूत दोन्ही बाजूंना सारखं, बोथट दुखत असेल, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवत असेल तर बहुतेक नव्या व्यायामाचं आहे, कमी होत जाईल. सांध्यात टोचतंय, सूज आहे, रेप करतानाच कळ येतेय, तर तो व्यायाम थांबवा आणि दाखवून घ्या. आणि एक, खूप दिवसांनी एकदम जोरात व्यायाम केल्यावर अंग प्रचंड दुखतंय आणि लघवी कोल्ड्रिंकसारखी काळपट होतेय, तर पाणी पिऊन बघू म्हणत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तुटलेल्या स्नायूंतले घटक रक्तात जाऊन किडनीला धक्का लावू शकतात.