विहिरीतलं नायट्रेट जिवाणू खाऊन टाकतील का?

प्रश्न : नमस्कार, निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. विहिरीचं पाणी तपासून घेतलं तर नायट्रेट लिटरला ७० मिलिग्रॅम निघालं, मी टेन्शनमध्ये, पण भाचा नाशिकला मायक्रोबायोलॉजी शिकतोय तो म्हणतो मामा काळजी नका करू, नायट्रेट वाढलं की जमिनीतल्या जिवाणूंचे जीन चालू होतात आणि सगळ्याचा नायट्रोजन होऊन उडून जातो. खरंय का?

उत्तर : भाचा अभ्यास करतोय हे नक्की, पण धडा अर्धाच वाचलाय.

त्याचं खरं काय ते आधी सांगतो. नायट्रेटचं नायट्राइट, त्याचं नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन अशा चार पायऱ्या, दर पायरीला वेगळं एन्झाइम, म्हणजे ते काम करणारं प्रोटीन, आणि ते बनवायची कृती सांगणारे वेगळे जीन. स्यूडोमोनाससारख्या जिवाणूच्या पेशीच्या पडद्यात नायट्रेट ओळखणारं एक प्रोटीन बसलेलं असतं, ते आत निरोप देतं आणि पहिल्या पायरीचे जीन चालू होतात. पण हे बटण एकट्या नायट्रेटने दाबलं जात नाही हो, ऑक्सिजन कमी झालेला लागतो, कारण ऑक्सिजन मिळतोय तोवर त्यातून जास्त ऊर्जा मिळते मग जिवाणू नायट्रेटकडे कशाला बघेल? म्हणजे रान वापशावर असताना हे काम जवळपास बंद, पाणी तुंबून चिबड झालं की जोरात.

बरं, जीन चालू झाले म्हणून काम तेवढंच वाढतं असंही नाही. लासलगावला कांद्याचे ट्रॅक्टर दुप्पट आले तर लिलाव दुप्पट वेगाने होतो का, नाही, रांग वाढते, तसंच एन्झाइमचं आहे, एका मर्यादेपुढे नायट्रेट कितीही वाढवा वेग तोच. आणि जिवाणूला खायला सेंद्रिय कार्बन पाहिजे, तो तुमच्या शेणखताच्या वरच्या थरात आहे, खाली काळ्या पाषाणाच्या भेगांतल्या पाण्यात फारसा नसतो. म्हणून विहिरीत पोचलेलं नायट्रेट वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं.

मला जास्त खटकते ती शेवटची पायरी. नायट्रेट भरपूर असलं की जिवाणू वरच्याच पायऱ्यांवर रमतात, नायट्रस ऑक्साइडचा नायट्रोजन करणारं एन्झाइम मागे पडतं, काही जिवाणूंकडे तर त्याचा जीनच नसतो, मग तो वायू अर्धवट बाहेर पडतो आणि १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. आंबट जमिनीत हे एन्झाइम आणखी अडतं, आपली काळी जमीन बहुतेक अल्कधर्मी आहे तेवढं एक बरं.

भाच्याला अजून एक सांगा, मातीच्या डीएनएत जीन सापडले म्हणजे फक्त हत्यार घरात आहे एवढंच कळतं, वापरात आहे का ते नाही. त्यासाठी आरएनए, म्हणजे चालू असलेल्या जीनची उतरवलेली नक्कल, बघावा लागतो आणि खात्री करायची तर वायूच मोजावा लागतो. मातीच्या बंद बाटलीत ॲसिटिलीन, हो तोच वेल्डिंगवाला, सोडला की शेवटची पायरी अडते आणि साठलेला नायट्रस ऑक्साइड मोजता येतो. कॉलेजच्या प्रोजेक्टला चांगला विषय आहे.

आता तुमचं पाणी. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, त्यामुळे हे पिऊ नका, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर अजिबात नको, आणि उकळूनही नको, उकळल्याने पाणी आटतं, नायट्रेट जात नाही उलट दाट होतं. आरओने कमी होतं. बागेला मात्र खुशाल द्या, पण खताच्या हिशोबात धरा : या पाण्याच्या दर १ लाख लिटरमागे साधारण १.६ किलो नत्र जातंय, म्हणजे जवळपास साडेतीन किलो युरिया. ड्रिपमधून सोडायच्या खतातून तेवढं वजा करा.