प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र ठेव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि पॉडकास्टचा पहिला भाग, दोन्ही मिळाले. पाहुणे मोकळेपणाने बोलले आहेत आणि तुझे प्रश्नही नेमके आहेत. तरीही चाळीस मिनिटांच्या गप्पांच्या संकलनात तुझे सहा दिवस गेले, याचे कारण संकलनाच्या टेबलावर नसून मुद्रणाच्या (रेकॉर्डिंगच्या) पद्धतीत आहे. तू पुण्यात आणि पाहुणे न्यू जर्सीत असताना तू व्हिडिओ कॉलच मुद्रित केलास. इंटरनेटचा वेग कमी झाला की कॉलमधील चित्र आणि आवाज अधिक दाबले जातात, शब्द तुटतात, आणि तुटलेला शब्द नंतर परत मिळत नाही. शिवाय दोघांचे आवाज एकाच ट्रॅकमध्ये, म्हणजे एकाच ध्वनिपट्टीत, मिसळले, त्यामुळे एकाचा खोकला काढताना दुसऱ्याचे वाक्यही कापावे लागले.

म्हणून यापुढे प्रत्येकाचे मुद्रण त्याच्या त्याच्या संगणकावरच होऊ दे. रिव्हरसाइडसारख्या ऑनलाइन मुद्रणसेवा ब्राउझरमध्येच हे करतात आणि फाइल हळूहळू इंटरनेटवर चढवतात (अपलोड करतात). यात एक धोका आहे. एकदा माझ्या पाहुण्यांनी निरोप घेताच लॅपटॉप मिटला आणि शेवटची वीस मिनिटे चढायचीच राहिली. त्यांना तसे करू नका हे मी आधी सांगितले नव्हते, ही चूक माझीच होती. तेव्हापासून फाइल पूर्ण चढल्याचे दिसेपर्यंत मी पाहुण्यांशी इकडचे तिकडचे बोलत राहतो. कॉलचे मुद्रणही चालू ठेव. ते प्रसारणासाठी नव्हे, तर दोन्ही ट्रॅक जुळवताना मार्गदर्शक म्हणून उपयोगी पडते.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे हेडफोन. पाहुण्यांनी लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकले, तर तुझा आवाज त्यांच्या माइकमध्ये शिरतो आणि ट्रॅक वेगळे असूनही वेगळे राहत नाहीत. साधे वायरचे इअरफोन पुरेत. ब्लूटूथ इअरफोनचाच माइक वापरला, तर आवाज बहुधा फोनवरच्या बोलण्याइतका खालावतो, म्हणून तो टाळ. याच कारणासाठी समोरचा बोलत असताना ‘हो, हो’, ‘अगदी बरोबर’ असे म्हणण्याची आपली सवय आवर आणि नुसती मान हलव. ती मान कॅमेऱ्यात दिसते आणि संकलकाला पाहुण्यांवरून तुझ्यावर येण्यासाठी सुंदर जागा मिळते. अटलांटिकपलीकडून आवाज पोहोचायला किंचित उशीर लागतो, म्हणून उत्तर संपल्यावर एक श्वास थांबूनच पुढचा प्रश्न विचार. नको असलेली शांतता क्षणात कापता येते. एकमेकांवर चढलेली वाक्ये सोडवणे फार कठीण.

बोलताना चूक झाली, तर दोन सेकंद थांबून संपूर्ण वाक्य पहिल्यापासून म्हणावे, असे पाहुण्यांना आधीच सांग. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते आणि आवाजाचा उतारही तिथेच असतो. वाक्य मधूनच पुन्हा सुरू केले, तर अर्थाचा आणि सुराचा सांधा डोळ्यांत भरतो. चुकीनंतर एक टाळी वाजवलीस, तर संकलनाच्या पडद्यावर दिसणाऱ्या आवाजाच्या तरंगाकृतीत उंच सुळका उमटेल आणि ती जागा शोधावी लागणार नाही.

मुद्रणाच्या सुरुवातीला आणि शेवटीही दोघांनी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवावी. तिचा उपयोग प्रत्येकाचे चित्र त्याच्याच माइकवरच्या आवाजाशी जुळवण्यासाठी आहे. कॉलमधील विलंबामुळे दोन शहरांतील टाळ्या एकाच क्षणी पडल्या असे धरू नकोस. दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत, त्यामुळे तासाभरात ओठ आणि शब्द यांत फरक पडू शकतो. शेवटच्या टाळीवरून तो फरक मोजता येतो.

आवाज दोघांनीही ४८ किलोहर्ट्झच्या नमुनादरावर (सॅम्पल रेट) आणि शक्यतो वेव्ह (WAV) या न दाबलेल्या फाइल स्वरूपात घ्या. २४ बिटचा एक मोनो ट्रॅक तासाला सुमारे अर्धा जीबी जागा घेतो, तेवढी डिस्क आधी मोकळी कर. चित्र दोघांचेही सेकंदाला ३० फ्रेम या स्थिर वेगाने हवे. फोनचे कॅमेरे हा वेग बरेचदा आपोआप कमी-जास्त करतात आणि मग आवाज चित्राच्या मागेपुढे घसरतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे आणि अमेरिकेत ६०, म्हणून दिव्यांचा लुकलुकाट टाळण्यासाठी तुझ्या कॅमेऱ्याचा शटर १/५० सेकंद आणि त्यांचा १/६० सेकंद ठेव.

माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असावा आणि सर्वांत मोठा आवाज मुद्रणाच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावा. पंखा बंद कर, राउटर इन्व्हर्टरवर घे. सगळे बोलून झाल्यावर दोघांनीही आपापल्या खोलीची ३० सेकंदांची शांतता मुद्रित करा. कापलेल्या जागा बुजवायला तीच लागते, आणि प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते.

पुढच्या वेळी मला तयार भाग पाठवू नकोस, दोन्ही ट्रॅक वेगवेगळे पाठव. पाहुण्यांच्या ट्रॅकमध्ये तुझा आवाज कुठे ऐकू येतो का, हे मी सर्वांत आधी तपासेन.

तुझा शुभचिंतक