तीन महिन्यांचं व्याज, दोन विंडोज

घणसोलीहून एका वाचकाचं पत्र आहे. वय ३४, हातात पगार ७८ हजार, भाडं २४ हजार, चार वर्षांची मुलगी, बायको सध्या घरी. ते लिहितात: 'व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम खेळायला १ लाख ३० हजारांचं मशीन आणि टीव्हीला जोडायला ४५ हजारांचा होम थिएटर पीसी घ्यायचा आहे. बोनसचे १ लाख १० हजार आहेत, बाकीचे कार्डावर नो-कॉस्ट ईएमआयने. दोन्हींवर विंडोज घेतली तर बावीसेक हजार जातात. लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून ते वाचवावेत का? जुना डेस्कटॉप २०१७चा आहे, त्यावर विंडोज ११ चढत नाही. कार्डावर १ लाख ८३ हजार बाकी आहे, पण मिनिमम ड्यू (महिन्याची किमान रक्कम) वेळेवर भरतो. विम्याचा वर्षाचा ६० हजारांचा हप्ताही कार्डावरच भरतो, पॉइंट मिळतात. यूट्यूबवर गेम स्ट्रीम करून मशीनचे पैसे वसूल करीन.'

तुमच्या पत्रातला तो 'पण' मी तीनदा वाचला. विंडोजचं शेवटी सांगतो.

कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के धरा. १ लाख ८३ हजारांवर ६,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेसात हजार. मिनिमम ड्यू नऊ हजारांच्या आसपास येत असणार. त्यातले साडेसात हजार व्याजात जातात, मुद्दलातून दीड हजार उतरतात. जे बावीस हजार वाचवण्यासाठी तुम्ही मला पत्र लिहिलंत, तेवढे बँक दर तीन महिन्यांनी तुमच्याकडून नेते आहे. शिवाय मागची बाकी उभी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराण्यासाठी कार्ड घासलंत की त्याच दिवशी मीटर पडतं. नो-कॉस्ट ईएमआयमध्येही व्याज असतंच. ते सवलत म्हणून वळतं करतात आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्या माथी मारतात.

आता विमा. तुम्ही लिहिता की बँकेतल्या मॅडमनी 'गॅरंटीड' म्हणून दिला आणि तीन हप्ते भरून झाले. तीन हप्ते म्हणजे १ लाख ८० हजार. कार्डावरची बाकी १ लाख ८३ हजार. आकडा ओळखीचा वाटतो का? ही पॉलिसी तुम्ही उधारीवर घेतली आहे. पाच-सहा टक्के मिळतील म्हणून बेचाळीस टक्क्यांनी कर्ज काढलंत, आणि वर पॉइंट मोजता आहात! बरं, विमा तरी किती? हप्त्याच्या दहापट, सहा लाख. तुमचा घरखर्च साठ हजार धरला तर दहा महिने. पुढे मुलीचं काय, हे त्या मॅडमना विचारायचं राहून गेलं असेल.

चौथा हप्ता भरू नका. एजंट सांगेल, 'आत्ता सोडलीत तर ३५ टक्केच मिळतील, एक हप्ता भरा, ५० टक्के होतील.' जुन्या नियमांच्या बहुतेक पॉलिसींत हे खरंही आहे. हिशोब करा: आज ६३ हजार, हप्ता भरल्यावर १ लाख २० हजार. म्हणजे ५७ हजार वाढावेत म्हणून ६० हजार द्यायचे, तेही कार्डावरून. कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी आत्ता मोडली तर हातात काय) आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी काय) दोन्ही आकडे लेखी मागवा.

बोनस आला त्याच दिवशी सगळाच्या सगळा कार्डावर भरा. उरलेल्या ७३ हजारांचं चौदा-पंधरा टक्क्यांचं पर्सनल लोन घेऊन कार्ड कोरं करा. वर्षभर महिना साडेसहा हजार जातील, म्हणजे आज मिनिमम भरता त्याहून कमी. एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे परतावा नसलेला निव्वळ विमा, तुमच्या वयाला वर्षाला बारा-पंधरा हजारांत बसावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही.

आणि ते यूट्यूबवर गेम स्ट्रीम करून मशीन वसूल करायचं? जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघितलं जाणं लागतं. तुमचे, तुम्हीच लिहिता, ६१ आहेत.

आता विंडोज. हा माझा प्रांत नाही, म्हणून भाच्याला फोन लावला. तो आधी हसला. व्हॅलोरंटचं अँटी-चीट, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, लिनक्सवर चालतच नाही, त्यामुळे खेळायच्या मशीनवर विंडोजला पर्याय नाही. घ्याल तेव्हा रिटेल लायसन्स घ्या, ते पुढच्या मशीनवर नेता येतं. मशीनबरोबर बसवून येणारं ओईएम लायसन्स त्याच्या मदरबोर्डाबरोबर संपतं. सातशे रुपयांची 'ओरिजिनल की' बहुधा कुठल्यातरी कंपनीच्या घाऊक लायसन्समधली असते, कधीही बंद पडू शकते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात कुणी विंडोज फुकट टाकून देतो म्हणाला तरी त्या मशीनवर नेटबँकिंग उघडू नका.

होम थिएटर पीसी मात्र घ्यायचाच नाही. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तुमचा डेस्कटॉप संपलेला नाही. त्यावर लिनक्स आणि कोडी हे सिनेमे लावायचं सॉफ्टवेअर टाका, टीव्हीला एचडीएमआयची वायर जोडा. हार्ड डिस्कवरचे सिनेमे उत्तम दिसतील. नेटफ्लिक्स फोर-केमध्ये लिनक्सच्या ब्राउझरवर मिळत नाही, ते टीव्हीच्याच अ‍ॅपवर बघा. मशीनचे ४५ आणि विंडोजचे ११, असे छप्पन्न हजार इथेच वाचले. गेमिंगच्या मशीनचं काय ते कार्डाचं कर्ज फिटल्यावर बघू, पुढच्या बोनसला, रोखीने.

विमा कंपनीचं उत्तर आलं की दोन्ही आकडे मला कळवा. पेड-अप ठेवायची की मोडायची, ते त्यावरून ठरवू.