फॉर्म्युला २ जिंकल्यावर फॉर्म्युला १ मध्ये जागा नक्की मिळते का?

नाही, नक्की मिळतो तो फक्त परवान्याचा मोठा अडसर पार करण्याचा हक्क. फॉर्म्युला १ (एफ१) साठी एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक नियामक संस्थेचा सुपर लायसन्स लागतो आणि त्यासाठी तीन हंगामांत मिळून ४० गुण हवेत. एफ२ मध्ये, म्हणजे एफ१ च्या लगेच खालच्या फॉर्म्युला २ मालिकेत, हंगामाअखेर पहिल्या तिघांना प्रत्येकी पूर्ण ४० गुण मिळतात, म्हणजे तिसरा आलात तरी गुणांचा प्रश्न मिटला. (वय आणि एफ१ गाडीतल्या चाचणीच्या अटी असतातच.) पण सीट देणं हे संघाच्या हातात, आणि एफ१ मध्ये सीटच मुळात मोजक्या. गेल्या काही विजेत्यांकडे बघा:

- लक्लेर (२०१७), रसेल (२०१८): पुढच्याच वर्षी एफ१ मध्ये
- पियास्त्री (२०२१): एक वर्ष बाकावर, मग मॅक्लारेन संघात
- द्रुगोविच (२०२२): ॲस्टन मार्टिन संघाचा राखीव चालक झाला
- पुर्शेर (२०२३): पुढच्या वर्षी सीट नाही

त्यात भर म्हणजे विजेत्याला पुन्हा एफ२ मध्ये उतरता येत नाही. जिंकलात आणि वर दार बंद, तर खाली परतायचीही सोय नाही. जरा विचित्रच नियम.

उलट बाजूही आहे: किमी अँटोनेली २०२४ च्या एफ२ मध्ये सहावा आला, तरी २०२५ ला थेट मर्सिडीजमध्ये बसला. एफ२ मध्ये सगळ्यांची चासी (गाडीचा सांगाडा) आणि इंजिन सारखीच असल्याने चालकाचं कौशल्य दिसतं हे खरं, पण एखाद्या एफ१ संघाच्या अकादमीचा हात पाठीवर असेल तर निकाल थोडा कमी पडला तरी चालतं.